कमरेइतकं कुंपण

माझ्या सासऱ्यांना पोलिसांनी पकडलं ते एका मंगळवारी, संध्याकाळी साडेसहाला, अख्ख्या बागेच्या देखत. वय वर्षं एकाहत्तर. गुन्हा असा, की बागेतल्या बाकावर बसून ते बिअर पीत होते. अर्धी बाटली पोटात गेली होती. उरलेली अर्धी मी चौकीत पोचलो तेव्हा टेबलावर पुरावा म्हणून उभी होती, तोंडाला कागद गुंडाळून वर दोरा बांधलेला. सासरे समोरच्या बाकड्यावर पाय जुळवून बसले होते. शर्टाचं गळ्याजवळचं बटणसुद्धा लावलेलं.

"तुमचे कोण?" हवालदाराने मला विचारलं.

"सासरे."

"लाज वाटायला हवी."

कुणाला, ते त्याने सांगितलं नाही. वाटली मात्र मला. तेव्हा मान खाली घातली, याचा राग माझ्या डोक्यातून आजही गेलेला नाही.

"मामा, चला घरी," मी म्हणालो.

"आधी यांना विचारा, मी कुणाचं काय केलं. तासभर विचारतोय, कोणी सांगत नाही."

"उघड्यावर प्यायलात," हवालदार म्हणाला.

"मग कुठे प्यायची?"

"घरी."

"घरी लेक पिऊ देत नाही."

कोपऱ्यात लिहीत बसलेला शिपाई फिसकन हसला. हवालदार हसला नाही. त्याने माझी सही घेतली, पंधरा दिवसांनी कोर्टात हजर व्हायचा कागद हातात ठेवला आणि म्हणाला, "इथे हे चालत नाही. तुमच्या पलीकडच्या गावासारखं नाही हे."

ते खरंच होतं. पलीकडचं गाव म्हणजे पूल ओलांडून बसने बारा मिनिटं. पण पुलाच्या मध्यावर हद्द आहे. तिथे सरकार बदलतं, आणि सरकारबरोबर कायदाही. मामा तिकडच्या पंपांच्या कारखान्यात टर्नर होते. अडतीस वर्षं एकाच लेथवर उभे राहून त्यांनी पंपांचे दांडे कातले. केसाइतका फरक त्यांना बोटाने कळायचा, तेवढ्यावरून अख्खी रास परत करायचे, म्हणून सगळे त्यांना मिस्त्री म्हणत. शेजारच्या शेडमध्ये दिवसभर मोठा घण आपटायचा. त्याने त्यांचा उजवा कान पार गेला. डाव्याने काम चालतं.

पाळी सुटली की कारखान्याच्या फाटकाजवळ सिमेंटचा एक लांब कट्टा होता, त्यावर सात-आठ जण बसायचे. प्रत्येकी एक ग्लास. उघड्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर. तिकडे त्याला कुणाचीच हरकत नव्हती आणि आजही नाही. पोलीस मधे पडतात ते मारामारी झाली तर, नाहीतर कोणी पिऊन गाडी चालवली तर. तिकडे पिण्याची लाज नाही, तोल जाण्याची आहे. ज्याची जीभ अडखळली त्याने निमूट घरी जायचं, आणि दुसऱ्या दिवशी कट्ट्यावर त्याला जागा मिळायची नाही. आमच्या बाजूबद्दल ते लोक म्हणायचे, तिकडची माणसं पडदा लावून पितात आणि पडदा सारून उपदेश करतात.

आता आमची बाजू. इथे दारूची दुकानं आहेत, काळ्या काचांचे बार आहेत, सरकारला त्यातून कर मिळतो. फक्त बाटली उघड्यावर फोडायची नाही. रस्त्यावर नाही, बागेत नाही, स्वतःच्या गाडीत बसूनही नाही. हा कायदा तीस वर्षांपूर्वी वस्त्यावस्त्यांतल्या बायकांनी मोर्चे काढून आणवला. रस्त्याने चालणं त्यांना नकोसं झालं होतं. त्या बायकांचं चुकलं होतं असं मी मुळीच म्हणत नाही. पुढे त्या कायद्याचं लोकांनी जे केलं त्याबद्दल मी बोलतोय.

सासूबाई गेल्यावर मामा आमच्याकडे राहायला आले. ही, म्हणजे माझी बायको, त्यांची एकुलती एक मुलगी. शाळेत शिकवते. आमच्या घरात दारूचा थेंब येत नाही, हा तिचा नियम लग्नाच्या आधीपासूनचा. मी तो पाळतो. म्हणजे घरात पाळतो. मी वीज कार्यालयात वरच्या टेबलावर आहे आणि कार्यालयाच्या ओळखीने बागेसमोरच्या क्लबचा सभासद आहे. महिन्यातून दोनदा तिथल्या हिरवळीवर बसतो, दोन वेलदोडे चघळून घरी येतो, आणि ही काही विचारत नाही.

मामांना असला मार्ग नव्हता. बार त्यांना आवडत नसे. "दिवसाढवळ्या अंधारात कशाला बसू? मी काय चोर आहे?" असं एकदा म्हणाले होते. मग दोन महिने कळ काढून त्यांनी एका संध्याकाळी दुकानातून रीतसर बाटली घेतली आणि बागेतल्या रोजच्या बाकावर जाऊन बसले. बागेत पाटी होती. कुत्री आणू नयेत, फुलं तोडू नयेत, चेंडू खेळू नये, आणि सातव्या ओळीत हे.

चौकीतून घरी आलो तर हिला सगळं आधीच कळलं होतं. बागेच्या रखवालदाराने मोबाइलवर चित्रण केलं होतं. त्यात मामा हवालदाराला म्हणतात, "थांबा, एवढी संपवतो," आणि मागून कोणीतरी खिदळतं. ते शाळेच्या पालकांच्या ग्रुपवर आलं. मुख्याध्यापकांचा फोनही येऊन गेला होता, "मॅडम, आपल्या शाळेची एक प्रतिमा आहे."

हिने वडिलांसमोर जेवणाचं ताट ठेवलं. ठेवलं कसलं, आपटलं.

"बाबा, तुम्हाला प्यायचीच असेल तर पलीकडे जा. बस दर वीस मिनिटांनी आहे."

"एका ग्लाससाठी दुसऱ्या सरकारच्या हद्दीत जाऊ?"

"जा. माझ्या दारात हे नको."

"मी कोर्टात सांगणार आहे," मामा म्हणाले. "गुन्हा कबूल करून सुटून यायला मी काही चोरी केलेली नाही."

त्याच शनिवारी आमच्या कार्यालयातल्या एकाला बढती मिळाली म्हणून क्लबवर पार्टी होती. मी जायला नको होतं. गेलो. हिरवळीवर खुर्च्या, पांढरी टेबलं, दिवे. एका टेबलावर साध्या कपड्यांत पोलिसांचे एक साहेब बसले होते, त्यांच्याही हातात ग्लास. हिरवळ आणि बाग यांच्यामध्ये झुडपांचं कुंपण आहे, फार तर कमरेइतकं, आणि कुंपणापासून तो बाक बारा पावलांवर. बागेत चालायला आलेल्या दोन मुली कुंपणाजवळून गेल्या. आमच्यातल्या एकाने ग्लास उंचावून त्यांना काहीतरी म्हटलं. त्या झपाझप पुढे निघून गेल्या. साहेबांनी बटाट्याचे काप तोंडात टाकले.

"काय हो, सासरेबुवांना नाही आणलंत?" एकाने मला विचारलं. "आत आणायचं ना त्यांना. उगाच बाहेर बसतात बिचारे."

सगळे हसले. मीही हसलो.

पुढच्या रविवारी दुपारी मामा कोर्टात काय बोलायचं त्याची तयारी करत होते. पाठकोऱ्या कागदावर मुद्दे लिहीत होते आणि मोठ्याने वाचत होते. ऐकू कमी येणाऱ्या माणसाचा आवाज चढाच असतो. ही बाजूला बसून वह्या तपासत होती.

"मुद्दा तिसरा," मामा म्हणाले. "पलीकडे आम्ही अडतीस वर्षं उघड्यावर बसलो. आमच्यापासून कधी कुणाला काडीचा त्रास झाला नाही."

हिचं पेन थांबलं.

"कुणाला?"

"कुणालाच."

"मला विचारलंत कधी?"

मामांनी डावा कान पुढे केला. त्यांना वाटलं, आपण नीट ऐकलं नाही.

ही बोलली ते सगळं त्यांच्या डाव्या बाजूला सरकून बोलली, एकेक शब्द तोडून. तेरा वर्षांची होते तेव्हापासून सतरा वर्षांची होईपर्यंत. शाळेतून घरी यायची वाट त्या कट्ट्यावरूनच होती. आठ माणसं, हातात ग्लास, आणि त्यांच्यात माझा बाप. तुम्ही ज्याला हसरा म्हणता, तो रोज काहीतरी बोलायचा. माझ्या चालण्याबद्दल. मोठी झाले तसं दुसऱ्या गोष्टींबद्दल. सगळे हसायचे. तुम्ही पण हसायचात, बाबा. माझ्याकडे बघून हसायचात. मग मी कट्ट्यावरून यायचंच सोडलं. गोदामामागून, नाल्याच्या कडेने यायचे, अर्धा तास जास्त चालून. उशीर होतो म्हणून आईने मला दोनदा मारलं. तिला काय सांगणार होते? की बाबांच्या समोर बोलतात आणि बाबा हसतात?

मामांच्या हातातला कागद तसाच राहिला.

"हसरा उजवीकडे बसायचा," ते म्हणाले. "मला त्या बाजूचं ऐकू येत नाही."

"मग हसलात कशाला?"

"सगळे हसले की मी हसतो. नाहीतर लोकांना कळतं, बहिरा आहे म्हणून."

हिने वह्या गोळा केल्या आणि आतल्या खोलीत जाऊन दार लावून घेतलं. मला शनिवारची हिरवळ आठवली. तिथे माझे दोन्ही कान शाबूत होते.

सोमवारी सकाळी मामा चपला घालून दारात उभे. "पलीकडे जाऊन येतो." त्यांना एकट्याला सोडणं मला बरं वाटेना. कार्यालयात सुट्टी सांगितली आणि सोबत गेलो.

कारखाना अर्धा बंद पडलाय, पण कट्टा होता तिथेच आहे. निवृत्त झालेले पाच जण अकरा वाजताच बसलेले. हसरा मधोमध. सत्तरीचा, दात पडलेला, तोंड अजूनही हसरंच. "मिस्त्री आला," म्हणत त्यांनी जागा केली, कोणीतरी ग्लास पुढे केला. मामा बसले नाहीत.

"माझी पोर इथून जायची तेव्हा तू तिला काय म्हणायचास?"

"कोणती पोर?"

"मला एकच आहे."

हसऱ्याने इकडेतिकडे पाहिलं. "अरे, चेष्टा असायची. लहान होती ती."

"लहान होती म्हणूनच विचारतोय. काय म्हणायचास ते आता म्हण. डाव्या बाजूने म्हण, मला तिकडून ऐकू येतं."

मामांनी कान त्याच्या तोंडाजवळ नेला आणि तसेच वाकून उभे राहिले. हसऱ्याने ग्लास तोंडाला लावला. मग मामा एकेकाकडे वळले.

"तू ऐकलं होतंस?"

"ऐकलं असेल. आता कुठे आठवतंय?"

"तू?"

दुसऱ्याने मान हलवली. तिसरा ग्लासात बघत होता. तो म्हणाला, "मिस्त्री, जुनं कशाला उकरतोस? तू पण हसायचास की. आम्हाला वाटलं, तुला चालतं."

मी मामांना इतकी वर्षं ओळखतो. त्यांनी कुणावर हात उगारलेला मी पाहिला नव्हता. त्या दिवशी त्यांनी हसऱ्याची कॉलर धरली. बहात्तरीला टेकलेले हात, पण लेथवरचे. हसऱ्याचा ग्लास खाली पडून फुटला. चौघांनी आणि मी मिळून ती पकड सोडवली. रस्त्यापलीकडे एक पोलीस उभा होता. तो चालत आला आणि म्हणाला, "काका, शांतपणे प्या." एवढंच बोलून परत गेला.

बसमध्ये मामा म्हणाले, "तिला सांगू नका."

मी सांगितलं. वाटलं होतं, हिला बरं वाटेल. ही माझ्यावरच भडकली. "मला विचारलंत? पुन्हा माझ्या नावाने त्याच कट्ट्यावर तमाशा केलात. तेव्हा ते बोलायचे, आता तुम्ही जाऊन बोललात. मला काय हवंय, ते कोणी विचारणार आहे की नाही?"



बुधवारी कोर्ट. हिने रजा टाकली आणि एक शब्द न बोलता आमच्याबरोबर आली. कोर्ट म्हणजे एक लांब खोली, पंखे, फायलींचे ढीग, आणि आमच्या आधी असलेली बावीस प्रकरणं. जवळपास सगळी उघड्यावर पिण्याची. मी बघत होतो. रंगारी, हमाल, रिक्षावाले, एक मोची. काळ्या काचेमागचा किंवा हिरवळीवरचा एकही माणूस नव्हता. प्रत्येकाला अर्धं मिनिट मिळत होतं. मान खाली, गुन्हा कबूल, पुढचा.

मामांचा पुकारा झाला. न्यायाधीश एक मध्यमवयीन बाई होत्या.

"गुन्हा कबूल?"

"बाटली माझी, बाक सरकारचा, प्यायलो मी. एवढं कबूल आहे," मामा म्हणाले. "पण एक विचारायचं आहे."

"थोडक्यात विचारा."

"त्या बाकासमोर क्लब आहे. मध्ये कुंपण आहे, माझ्या कमरेइतकं. कुंपणापलीकडे रोज लोक पितात. कोण काय पितं ते मला बाकावरून दिसतं. आमच्या जावयांना मी दोनदा पाहिलं आहे."

खोलीतली सगळी डोकी वळली. ही वळली नाही. तिने नुसतं डोळ्याच्या कोपऱ्यातून माझ्याकडे पाहिलं.

"ते खाजगी आवार आहे," बाई म्हणाल्या.

"मला आवार नाही, बाईसाहेब. जावयांच्या घरातली एक खोली आहे, तिच्यात झोपतो. मग आवार असलेल्याने प्यायली की पार्टी, आणि नसलेल्याने प्यायली की गुन्हा. कायदा दारूसाठी आहे की आवारासाठी, एवढंच सांगा."

बाईंनी पेन खाली ठेवलं. "हा कायदा का आला, माहीत आहे का तुम्हाला?"

"पंधरा दिवसांपूर्वी माहीत नव्हतं. आता आहे." "बायकामुलींना रस्त्याने सरळ जाता यावं म्हणून आला. तो हवाच. आमच्या कट्ट्यावर तो असता तर माझी लेक नाल्याच्या कडेने घरी आली नसती. पण कुंपणापलीकडूनही पोरींना बोलतात, बाईसाहेब. मला ऐकू येत नाही, पण त्या पोरी पळतात ते दिसतं. त्या माणसांना इथे आणलेलं मी आज सकाळपासून बघितलं नाही."

बाईंनी पेन पुन्हा उचललं. मग म्हणाल्या, "तुमचं म्हणणं मी ऐकलं. पण माझ्यापुढे आज तुमचंच प्रकरण आहे." दंड झाला. सगळ्यांना होतो तेवढाच. मामांनी तो स्वतःच्या खिशातून भरला आणि पावती माझ्याकडे न देता हिच्याकडे दिली.

पुढे काय झालं ते सांगतो, म्हणजे माझा राग कशावर आहे ते कळेल. एका वर्तमानपत्राने मामांच्या बोलण्यावर सहा ओळी छापल्या. महिन्याभरात क्लबने कुंपणाच्या आतून हिरवे पत्रे ठोकले, पुरुषभर उंच. आता बागेतून काही दिसत नाही, आवाज तेवढे येतात. नगरपालिकेने तो बाक उचलून नेला, "नागरिकांच्या तक्रारी आल्या" म्हणून. दुपारी तिथे टेकणाऱ्या म्हाताऱ्या आता झाडाच्या आळ्याच्या कठड्यावर बसतात. पत्र्यांबद्दल आणि बाकाबद्दल हिने आपल्या सहीने अर्ज दिला. मुख्याध्यापकांनी पुन्हा प्रतिमेचा विषय काढला, तेव्हा तिने त्यांना अर्जाची प्रत वाचायला दिली. उत्तर आलेलं नाही.

मी क्लब सोडला असं सांगायला मला आवडलं असतं. मी सोडला नाही. पुढच्या वर्षी त्यांनीच यादीतून माझं नाव गाळलं.

घरातला नियम हिने स्वतःच मोडला. एका शनिवारी तिने स्वयंपाकघरातल्या टेबलाशी खुर्ची ओढली आणि वडिलांना म्हणाली, "इथे बसा. माझ्यासमोर. एकच." माझ्याकडे वळून म्हणाली, "तुम्हीसुद्धा. वेलदोडे पुरे झाले." तेव्हापासून दर शनिवारी आम्ही तिघं तिथे बसतो. ही वह्या तपासते. तिला तो वास अजून आवडत नाही, आणि दर वेळी ती तसं सांगते. कधी त्या दिवसांबद्दल काही विचारते, कधी भांडण होऊन मामा अर्धा ग्लास तसाच टाकून झोपायला जातात.

गेल्या शनिवारी तिने विचारलं, "मी कट्ट्यावरून यायचं सोडलं, ते तुमच्या लक्षात तरी आलं होतं का?"

मामांनी ग्लास टेबलावर ठेवला. "नाही," ते म्हणाले.

तिने मान हलवली, लाल पेन उचललं आणि पुढची वही ओढली. मामांनी उरलेली संपवली, ग्लास स्वतःच्या हाताने धुतला आणि ओट्यावर पालथा घातला.